जुन्या मोटारीचा इंधनव्यय आणि एंजिनातील संवेदक

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव आज एका विरोधाभासाचे स्थान झाले आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे वसविलेल्या राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानात केपीआयटी टेक्नॉलॉजीज आणि टाटा टेक्नॉलॉजीज यांसारख्या, मोटारींचे अभियांत्रिकी आराखडे व नियंत्रण-आज्ञावल्या तयार करणाऱ्या संस्थांची मुख्यालये आहेत. त्याच उद्यानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाकडपासून मोटारींची जी रांग लागते, तीत मात्र दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या अनेक गाड्या असतात. आणि त्यांच्या मालकांची तक्रार बहुधा एकच असते, ती म्हणजे ‘गाडी पूर्वीसारखे ॲव्हरेज देत नाही.’ या तक्रारीवर गॅरेजातून अलीकडे जो उपाय सर्रास सांगितला जातो तो म्हणजे सेन्सर, अर्थात् संवेदक बदलणे. हा उपाय कोणत्या परिस्थितीत यथार्थ ठरतो, त्यापासून किती लाभ संभवतो, आणि कोणत्या परिस्थितीत तो निव्वळ अपव्यय होय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ‘जुनी मोटार’ या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. कार्ब्युरेटरच्या काळातील मोटारीत संवेदक जवळजवळ नव्हतेच. हवेच्या प्रवाहाने निर्माण होणाऱ्या दाबाच्या फरकामुळे पेट्रोल ओढले जाई आणि मिश्रणाचे प्रमाण जेटच्या छिद्रावर अवलंबून राही. भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून सर्व देशभर तेच विकले जाऊ लागले. शिशामुळे उत्प्रेरक परिवर्तक आणि ऑक्सिजन संवेदक हे दोन्ही निकामी होत असल्याने, शिसे गेल्यावाचून त्यांचा सार्वत्रिक प्रसार शक्य नव्हता. पुण्यात भारत टप्पा २ ची मानके २००३ मध्ये, टप्पा ३ ची २००५ मध्ये व टप्पा ४ ची २०१० मध्ये लागू झाली. म्हणजे हिंजवडीच्या रस्त्यावर आज जी गाडी ‘जुनी’ म्हणून ओळखली जाते, ती बहुतेक करून टप्पा ३ किंवा टप्पा ४ ची, विद्युत्-नियंत्रित इंधन-अंतःक्षेपण असलेली गाडी होय. तिचे वार्धक्य पिस्टनच्या कड्यांत जितके असते तितकेच तिच्या संवेदकांत असते.

अशा एंजिनात नियंत्रकापुढे, ज्याला गॅरेजात ‘ईसीएम’ म्हणतात त्याच्यापुढे, प्रश्न एकच असतो: आत आलेल्या हवेच्या वजनास पुरेल इतके पेट्रोल किती? निव्वळ पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास एक भाग इंधनामागे वजनाने १४.७ भाग हवा लागते. हवा याहून कमी असल्यास मिश्रण दाट, अधिक असल्यास विरळ. कारागीर यांनाच ‘रिच’ आणि ‘लीन’ म्हणतात. हवेचे वजन काढण्यासाठी काही गाड्यांत तप्त तारेचा प्रवाहमापक असतो. अनेक लहान गाड्यांत मात्र सेवन-नलिकेतील निरपेक्ष दाब व तापमान मोजून, एंजिनाच्या फेऱ्यांच्या संख्येवरून ते वजन गणिताने काढले जाते. एंजिन थंड असताना पेट्रोल नीट वाफाळत नाही, म्हणून त्याला अधिक इंधन द्यावे लागते. त्यासाठी शीतक द्रवाच्या तापमानाचा संवेदक असतो. आणि या सर्व अनुमानानंतर प्रत्यक्षात ज्वलन कसे झाले, हे पाहण्यासाठी निष्कास-नळीत ऑक्सिजन संवेदक बसविलेला असतो.

या शेवटच्या संवेदकाची घटना पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकास विशेष रंजक वाटेल. बॉश कंपनीने तो सिद्ध केला आणि १९७६ मध्ये व्होल्वोच्या मोटारींत तो प्रथम वापरात आला. यिट्रियम ऑक्साइड मिसळलेल्या झिर्कोनिअम ऑक्साइडची एक टोपी, तिच्या दोन्ही अंगांस प्लॅटिनमचा सच्छिद्र लेप, आत बाहेरची शुद्ध हवा व बाहेर एंजिनाचा धूर, इतकीच त्याची रचना असते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर हा मृत्तिकापदार्थ ऑक्सिजनच्या आयनांना वाट देतो आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनच्या आंशिक दाबांतील तफावतीप्रमाणे विद्युद्दाब उत्पन्न होतो. नर्न्स्टच्या समीकरणाने त्याचे मान काढता येते. १००० केल्विन तापमानाला या समीकरणातील गुणक सुमारे ०.०२१५ व्होल्ट येतो. मिश्रण विरळ असून धुरात २ टक्के ऑक्सिजन उरला असेल, तर दोन बाजूंचे गुणोत्तर सुमारे १०.५, आणि विद्युद्दाब जेमतेम ०.०५ व्होल्ट. उलट मिश्रण किंचित दाट झाले की प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर उरलासुरला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडशी संयोग पावून नाहीसा होतो. गुणोत्तर १०च्या अठराव्या घातापर्यंत चढते आणि विद्युद्दाब एकदम ०.९ व्होल्टच्या जवळ जातो. म्हणजे हा संवेदक प्रमाण मोजीत नाही. मिश्रण एका रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच तो सांगतो. नियंत्रक सुमारे ०.४५ व्होल्ट ही सीमा मानून इंधन थोडे कमी, थोडे अधिक करीत राहतो आणि मिश्रण त्या रेषेभोवती सतत हेलकावत ठेवतो. या दुरुस्तीस ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानी घ्यावयास हवी. कारण बाजारातील बहुतेक गैरसमज ती न उमगल्यामुळे निर्माण होतात. दाबमापक किंवा हवेचा प्रवाहमापक चुकला, तर त्याची चूक ऑक्सिजन संवेदकाच्या नजरेस येते आणि नियंत्रक ती दुरुस्त करतो. दाब ६ टक्के जास्त दाखविला गेला तर इंधनही आरंभी ६ टक्के जास्त जाईल. परंतु गरम एंजिनावर, सम गतीने चालताना, दुरुस्ती उणे ६ होऊन मिश्रण पुन्हा जागेवर येईल. जोराने वेग घेताना व थंड एंजिनावर ती चूक भोवेल, पण एकंदर इंधनव्ययात तिचा वाटा लहानच राहील. स्वतः ऑक्सिजन संवेदक चुकला, तर मात्र त्याला दुरुस्त करणारा दुसरा कोणीही नाही. पुष्कळशी हीच स्थिती शीतकाच्या तापमान-संवेदकाची. एंजिन थंड आहे अशी वार्ता त्याने दिली, की कित्येक नियंत्रक ऑक्सिजन संवेदकाचे ऐकणेच थांबवितात आणि तक्त्यात नोंदलेले वाढीव इंधन देत राहतात. तात्पर्य, इंधनव्ययाच्या दृष्टीने हे दोन संवेदक इतर सर्वांहून वेगळ्या कोटीतील आहेत.

ऑक्सिजन संवेदकाचे बिघाड निरनिराळ्या प्रकारचे असतात आणि त्यांचे परिणामही सारखे नसतात. सर्वांत सामान्य प्रकार म्हणजे मंदत्व. तेलातील फॉस्फरस, गास्केटच्या लुकणातील सिलिकॉन अथवा गळून आत आलेला शीतक यांचा थर प्लॅटिनमवर बसतो आणि संवेदक उशिरा बोलू लागतो. याने मिश्रणाचे हेलकावे मोठे होतात, उत्प्रेरकाचे कार्य बिघडते, पीयूसी तपासणीत आकडे चढतात. इंधन मात्र फारसे वाया जात नाही, कारण हेलकाव्यांची सरासरी बहुतांशी जागेवरच राहते. दुसरा प्रकार तापक बंद पडण्याचा. एका तारेच्या जुन्या संवेदकांना तापकच नसे; निष्कास वायूच्या उष्णतेवर ते जगत आणि एंजिन दीर्घकाळ निष्क्रिय गतीने फिरत राहिले की निवत. पुढील काळातील संवेदकांत तापक आला. तो बंद पडला म्हणजे गाडी पुन्हा त्या जुन्या अवस्थेत जाते. हिंजवडीच्या रांगेत ती उभी असताना संवेदक मूक होतो आणि नियंत्रक केवळ तक्त्यावर विसंबतो. तिसरा प्रकार सर्वांत खर्चिक. संवेदक कायमचा खालच्या विद्युद्दाबावर अडकतो, म्हणजे मिश्रण विरळ असल्याची खोटी वार्ता अखंड देत राहतो. नियंत्रक इंधन वाढवीत जातो आणि त्याच्या मर्यादेपर्यंत, जी अनेक गाड्यांत २५ टक्क्यांच्या आसपास असते, पोहोचूनच थांबतो.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ग्राहकांसाठी दिलेल्या माहितीत असे एक विधान आहे की, सदोष ऑक्सिजन संवेदकासारखा गंभीर बिघाड दुरुस्त केल्यास मायलेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकते. हा आकडा विक्रेत्यांच्या तोंडी नित्य असतो. त्यातील ‘पर्यंत’ हा शब्द मात्र वाटेत गळून पडतो. मायलेज ४० टक्क्यांनी वाढणे याचा अर्थ, दुरुस्तीपूर्वी गाडी योग्य प्रमाणाच्या १.४ पट पेट्रोल पीत होती. तेवढ्या सगळ्याचे कारण मिश्रणाचा दाटपणा धरला, तर हवा व इंधन यांचे प्रमाण १४.७ वरून १०.५ वर आले असले पाहिजे. अशा एंजिनाचा धूर काळा असतो, स्पार्क प्लगवर काजळी धरते, पेट्रोलाचा वास येतो. अशी गाडी ओळखण्यास तज्ज्ञाची गरज नाही. वर सांगितलेल्या २५ टक्क्यांच्या मर्यादेपर्यंतच दुरुस्ती ताणली गेली असेल, तर लिटरमागील अंतर मूळच्या ८० टक्क्यांवर येईल आणि संवेदक बदलल्यावर ते पुन्हा २५ टक्क्यांनी वाढेल. हीच एक घटना ‘घट २० टक्के’ किंवा ‘वाढ २५ टक्के’ अशी दोन्ही प्रकारे सांगता येते. जाहिरातीत कोणती येते हे सांगावयास नको. त्याच अमेरिकन विभागाने सर्वसाधारण बिघडलेल्या गाडीच्या दुरुस्तीने होणारी सरासरी सुधारणा मात्र ४ टक्के दिली आहे. हा आकडा कोणी उद्धृत करीत नाही.

तापमान-संवेदकाचे उदाहरण मुळशीच्या पावसाळी हवेत अधिकच बोलके ठरते. हा संवेदक म्हणजे तापमान वाढले की रोध घटणारा थर्मिस्टर. प्रचलित नमुन्यात २० अंशांस सुमारे २५०० ओहम व ८० अंशांस सुमारे ३०० ओहम असा त्याचा रोध असतो. त्याच्या जोडणीत ओल शिरून गंज चढला आणि त्या गंजाने १००० ओहमची भर घातली, तर ८० अंश तापलेले एंजिन नियंत्रकास सुमारे ३६ अंशांचे भासेल. संवेदक निर्दोष, तार निर्दोष, नियंत्रकही निर्दोष. तरीही गाडी दिवसभर सकाळच्या थंडीत असल्याप्रमाणे इंधन मागते. येथे नवा संवेदक बसविल्यास कदाचित् सुधारणा दिसेलही, कारण तो बसविताना जोडणी ओढली-घासली जाते. श्रेय मात्र नव्या सुट्या भागास मिळते आणि चार महिन्यांनी तक्रार परत येते.

संवेदकाने सत्य सांगावे आणि शिक्षाही त्यालाच व्हावी, असे प्रसंग याहून अधिक आहेत. निष्कास-नळीच्या सांध्यातून गळती असेल तर दाबाच्या स्पंदनांबरोबर बाहेरची हवा आत शोषली जाते. संवेदकास ऑक्सिजन दिसतो व तो ‘विरळ’ म्हणतो. एखादा स्पार्क प्लग काम करीत नसेल, कारागिरांच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करीत असेल, तर त्या सिलिंडरातील न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि संवेदक पुन्हा ‘विरळ’ म्हणतो. त्याच वेळी न जळलेले पेट्रोलही बाहेर पडत असते, हे त्याला दिसत नाही. निदानयंत्रावर ‘पी ०१७१’ हा संकेतांक आला म्हणजे संवेदक बिघडला, असे मानण्याची रूढी पडली आहे. वस्तुतः तो संकेतांक ‘मिश्रण विरळ आढळले’ एवढेच सांगतो. ‘का’ हे सांगत नाही. थर्मोस्टॅटचीही हीच कथा. आपल्या उष्ण देशात त्याचे काय काम, अशा समजुतीने अनेक गाड्यांतील थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. मग रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर एंजिन खरोखरच पुरेसे तापत नाही, तापमान-संवेदक ते इमानाने कळवितो आणि इंधन वाढते. अशा गाडीत तीन संवेदक बदलले तरी फरक पडणार नाही.

याच यादीत आता पेट्रोलाचाही समावेश करावा लागतो. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले, २० टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये ते प्रमाण सर्वत्र पोहोचले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने त्याच्या ज्वलनास एका भागामागे ९ भागच हवा पुरते. २० टक्के मिश्रणास हे प्रमाण सुमारे १३.५ येते. म्हणजे निव्वळ पेट्रोलासाठी तक्ता जुळविलेल्या गाडीच्या नियंत्रकास, ऑक्सिजन संवेदकाच्या सांगण्यावरून, सुमारे ८ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. ही अधिक ८ ची दुरुस्ती निदानयंत्रावर पाहून कोणी संवेदकास दोष दिला, तर जो एकच घटक नव्या इंधनाशी गाडीचे जुळवून घेत आहे, त्याचीच हकालपट्टी होईल. लिटरमागील उष्णताही घटते: पेट्रोलाची सुमारे ३२ मेगाज्यूल, इथेनॉलची सुमारे २१, मिश्रणाची ३० च्या किंचित खाली, घट जवळजवळ ७ टक्के. नीती आयोगाच्या २०२१ मधील आराखड्यात, मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलासाठी आखलेल्या व १० टक्के मिश्रणाशी जुळविलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घटीचा अंदाज दिला होता, तो या गणिताशी मिळताजुळता आहे. ही घट कोणत्याही संवेदकाच्या बदलाने भरून येणारी नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत ‘ॲव्हरेज’ पडल्याची जी तक्रार ऐकू येते, तिच्यातील काही भाग एंजिनात नसून टाकीत आहे.

हिंजवडीच्या स्थानाचाही एक बारकावा नमूद करावयास हवा. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. येथे हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो, मुंबईस तो १०१ च्या आसपास. एंजिन सुरू न करता चावी फिरविल्यास सेवन-नलिकेतील दाबमापकाने बाहेरच्या हवेचाच दाब दाखविला पाहिजे. ही त्याची सर्वांत सोपी परीक्षा. परंतु मुंबईचा आकडा प्रमाण धरून पाहणारा कारागीर येथील चांगला दाबमापक ‘६ टक्के कमी दाखवतो’ म्हणून काढून टाकील. ऑक्सिजन संवेदकास ही अडचण नाही. तो गुणोत्तरावर चालतो आणि उंचीने दोन्ही बाजूंचे दाब सारखेच घटतात.

शिवाय तुलना कशाशी करावयाची, हाही प्रश्न आहे. ज्या आकड्याशी मालक आपल्या गाडीची तुलना करतो तो प्रमाणित आकडा बहुधा प्रयोगशाळेतील सुधारित भारतीय चालन-चक्रावर काढलेला असतो. पुण्यातच, वेताळ टेकडीवर, १९६६ पासून अशा चाचण्यांशी निगडित असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. या चक्रात ताशी ९० किलोमीटरपर्यंतचा वेग अंतर्भूत आहे. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आणि हिंजवडीचे उद्यान वसविणाऱ्या महामंडळाची आद्याक्षरे एकच, ‘एमआयडीसी’, हा केवळ योगायोग. दोहोंतील वेगांत काही साम्य नाही. रांगेत उभ्या असलेल्या लहान मोटारीचे एंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते आणि त्या वेळचे मायलेज शून्य असते. त्यास संवेदक जबाबदार नव्हे.

मग लाभ झाला किंवा नाही हे मालकाने ओळखावे कसे? टाकी भरून पुन्हा टाकी भरण्याच्या रीतीत पंपाचा नळ कोठे थांबला, वाहतूक कशी होती, वातानुकूलन किती चालले, यांमुळे एका भरणीचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. ही विखुरणी ६ टक्के धरली आणि ४ टक्क्यांचा खरा फरक, रूढ ५ टक्के सार्थकता-पातळीवर, ८० टक्के खात्रीने ओळखावयाचा असेल, तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या सूत्राने बदलापूर्वी सुमारे ३५ व बदलानंतर तितक्याच भरण्या लागतात. आठवड्यास एक भरणी धरल्यास हा काळ सव्वा वर्षाहून मोठा होतो. फरक २० टक्क्यांचा असेल तर दोन-दोन भरण्याही पुरतात. म्हणून ‘सेन्सर बदलला आणि पहिल्याच टाकीत फरक दिसला’ ही साक्ष मोठ्या बिघाडाच्या बाबतीत विश्वसनीय, लहान बिघाडाच्या बाबतीत जवळजवळ निरर्थक समजावी. पैशाचा हिशेबही याच अंगाने जातो. दरमहा ८०० किलोमीटर चालणाऱ्या, लिटरला १४ किलोमीटर देणाऱ्या गाडीत ४ टक्के सुधारणेने महिन्याला सव्वादोन लिटर वाचतात. ४० टक्के सुधारणेने सोळाहून अधिक. संवेदकाची किंमत काही हजार रुपये असताना पहिल्या प्रकारात ती वसूल होण्यास वर्ष-दोन वर्षे लागतील.

तथापि सर्व हिशेब पेट्रोलच्या बचतीत मांडणे योग्य नव्हे. मिश्रण सतत दाट राहिल्यास उत्प्रेरकास कार्बन मोनॉक्साइड जाळण्यापुरता ऑक्सिजन उरत नाही. तो वायू रांगेतील मागच्या गाडीत आणि रस्त्याकडेच्या टपरीवर जातो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते, आणि उत्प्रेरक शेवटी निकामी होतो, ज्याची किंमत संवेदकाच्या अनेकपट असते. पीयूसी केंद्रावर टप्पा ४ च्या पेट्रोल मोटारीस निष्क्रिय गतीला कार्बन मोनॉक्साइडची ०.३ टक्क्यांची मर्यादा आहे. तो आकडा वर्षागणिक चढत असेल, तर दाट मिश्रणाचा याहून स्वस्त पुरावा नाही.

बदलण्याचा निर्णय झाल्यावर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. उत्प्रेरकाच्या अलीकडचा संवेदक मिश्रण ठरवितो. पलीकडचा, जो टप्पा ४ च्या अनेक गाड्यांत आहे, तो मुख्यतः उत्प्रेरकावर देखरेख करतो. तो बदलून इंधन वाचण्याची आशा फारशी बाळगू नये. दुसरे असे की, नियंत्रक आपली दीर्घकालीन दुरुस्ती स्मृतीत साठवितो. जुन्या संवेदकाच्या खोट्या वार्तेवरून शिकलेले वाढीव इंधन नवा संवेदक बसताच विसरले जात नाही. ती स्मृती निदानयंत्राने पुसावी, अथवा काही दिवसांच्या चालविण्याने तिला नव्याने शिकू द्यावे. तोपर्यंतच्या भरण्या मोजणीत धरू नयेत.